कानबाईच्या पाटाची कड

नाना, तुमचं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही. माणूस गेला की त्याचं सगळं बरोबर होतं म्हणतात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पिकले, पण त्या दुपारी मागच्या शेडमध्ये तुम्ही जे बोललात, ते माझ्या लेखी तेव्हाही चूक होतं आणि आजही चूकच आहे. तेव्हा तुम्ही मला पुरतं बोलू दिलं नव्हतंत. आता मधेच तोडायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या एका सराफाकडे काउंटर बसवायचं काम तुम्हाला मिळालं होतं. वर लावायला तो नवा परदेशी माल आला होता. दिसायला संगमरवरासारखा, पण दगड नव्हे. तुमच्या सुतारकामाच्या हत्यारांनी कापता येणारा, दुधासारखा पांढरा. उरलेले दोन तुकडे सराफाने तुम्हाला खुशीने देऊन टाकले आणि तुम्ही ते गोणपाटात बांधून एसटीच्या टपावरून धुळ्याला आणलेत. त्यांचं काय करायचं हे तुम्ही वाटेतच ठरवलं असणार. श्रावणात देवी बसवायला कानबाईचा पाट! एक तुकडा पुरला असता, पण पातळ वस्तू म्हणजे कंजूष वस्तू हा तुमचा हिशेब. तुम्ही दोन्ही एकावर एक चिकटवलेत, कडा घासून गोल केल्यात आणि जुना सागवानी पाट कापून सरसाचे डबे ठेवायला फळी केलीत. गल्लीतले लोक बघायला यायचे. तुम्ही कडेवर टकटक करून म्हणायचात, "देखा, इंचभर जाड शे! बठ्ठा धुयामा असा पाट नही."

खरंच नव्हता, अख्ख्या धुळ्यात. आणि तो उचलायचा कुणी, हे कुणीच विचारलं नाही.

श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी तिला पाटासकट डोक्यावर घेऊन विसर्जनाला पांझरा नदीवर न्यायचं, ते घरच्या सवाशिणीने. आपल्या घरात सवाशीण एकच, आई. नैवेद्याच्या रोटाचं पीठ मात्र घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजून घ्यायचं. पुरुषही एकच, तुम्ही. आई हसून म्हणायची, "आपला रोट लवकर व्हस." मला त्यात कधी हसू आलं नाही. मोजायला पुरुष आणि वाहायला बाई, ही कुठली रीत? नव्या पाटाच्या पहिल्या वर्षी आई निम्म्या वाटेत डगमगली आणि तिने देवी एका दुकानाच्या ओट्यावर टेकवली. देवी वाटेत खाली ठेवायची नसते म्हणून तुम्ही चारचौघांत तिच्यावर डोळे वटारलेत. त्यानंतर तिची मान गेली ती गेलीच. भाकरी थापताना डावा हात मुंग्यांनी भरून यायचा. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आणि डोक्यावर ओझं घेऊ नका म्हणून बजावलं. पुढचा श्रावण आला तेव्हा मी तुम्हाला म्हटलं, शेजारच्या काकूंना घेऊ द्या. तुम्ही म्हणालात, आपली देवी दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार नाही. मग लाकडाचा पाट करा म्हटलं. तर देवीला एकदा दिलेलं आसन परत घ्यायचं नसतं म्हणे! सागवानी पाट कापताना ही रीत कुठे गेली होती, ते देवीलाच ठाऊक.

तेव्हा मी काय केलं ते तुम्ही नीट ऐकून घेतलं नव्हतंत, आता ऐका. तुम्ही जळगावला गेलात. मी पाट शेडमध्ये नेऊन फळीवर पालथा घातला आणि चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून घट्ट अडकवला. दोन्हीकडे त्याच्याहून उंच, सरळ रिपा लावल्या. खाचा पाडायचं तुमचं ते किंचाळणारं राउटर मशीन एका आडव्या फळीवर बसवलं, म्हणजे फळी रिपांवरून सरकेल आणि पातं सगळीकडे सारखंच खोल जाईल. एका वेळी नखाच्या जाडीएवढंच काढायचं आणि थांबायचं. घाई केली की माल तापतो आणि तापला की वाकतो, हे तुमचंच वाक्य. मुलगा नव्हता म्हणून का होईना, मशीन तुम्ही मला शिकवलं होतं, तेही मन लावून. मी कडेला दोन बोटं रुंद काठ ठेवला, मधे आधाराला चौफुलीसारख्या पट्ट्या सोडल्या आणि बाकी सगळं पोटातून उतरवलं. तोंडाला ओढणी होती तरी दातांत कचकच येत होती. तांदळाच्या पिठासारखी पांढरी भुकटी तुळशीवर, वाळत घातलेल्या धोतरावर, माझ्या भुवयांवर. काकूंनी भिंतीवरून विचारलं, "काय वं, श्रावणमा पापड?"

आणि तुम्ही एक दिवस आधीच परत आलात. पांढरी झालेली तुळस पाहून सरळ मागे आलात. मी शेवटचा हात फिरवत होते. अजून मला तुमच्या चपलांचा आवाज ऐकू येतो.

"आठे काय चालू शे?" तुम्ही वाकून पाहिलंत आणि तुमचा चेहराच उतरला. "देवीना पाट पोकळ करी टाका तू? वरथून जाड आन मधमा पोकळ? हाई तुले कोनी शिकाडं?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

"मी खोटं काम शिकाडं? गिऱ्हाईकले फसाडनारा सुतार असं करतस. वाटमा फुटना ते बठ्ठं गाव हासी!"

मी म्हटलं, "नाना, एक डाव उचली देखा." तुम्ही हात मागे घेतलेत. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पाट उलटा करून सरळ ठेवला आणि त्याच्यावर उभी राहिले. नुसती उभी नाही, दोनदा उडी मारली. पाट हूं की चूं करेना. तुम्ही मात्र कानशिलात बसल्यासारखे मागे सरलात. देवीच्या आसनाला पाय! इतका वेळ आई दारात उभी होती, गळ्याला पट्टा बांधून. ती आत आली, तिने तांब्यातल्या पाण्याने पाट धुतला, पदराने पुसला आणि म्हणाली, "पोरनाच पाय शेतस, काही इटाळ नही." मग तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "हाई ते काहीच नही!"

तुम्ही निघून गेलात, आणि देवी बसेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत.

सोमवारी आई वाजंत्रीच्या मागे ताठ चालत होती. आदल्या वर्षी दोन्ही हातांनी पाट धरून, ओठ चावत गेली होती. या वर्षी तिने एक हात सोडून पदर सारखा केला आणि शेजारणीशी बोलून हसलीसुद्धा. तुम्ही मागून चालत होतात, नजर पाटावर, आता फुटेल मग फुटेल म्हणून. नदी आली. काही फुटलं नाही. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही पाण्याकडे पाहिलंत. "बरं झालं" एवढे दोन शब्द मला हवे होते, नाना. ते तुम्ही शेवटपर्यंत दिले नाहीत, आणि त्याचा राग मी सोडलेला नाही. पोकळ म्हणजे खोटं नव्हे. घागर पोकळ असते म्हणूनच तिच्यात पाणी राहतं. उद्या तुम्ही समोर आलात, तरी मी तो पाट तसाच तासेन आणि तसाच पाय देऊन उभी राहीन.

आता पाट माझ्याकडे आहे. रोटाचं पीठ मी घरातल्या सगळ्यांच्या नावाने घेते, आधी बायकांच्या. पाट माझी सून नेते. परवा तिने तो पालथा करून पाहिला आणि विचारलं, "आई, हा काठ एवढा जाड का ठेवला? तोही उतरवला असता तर आणखी हलका झाला असता." मी सांगितलं, मजबुतीसाठी. तिला पटलं.

पण मजबुती त्या मधल्या चौफुलीत आहे. काठाची गरज नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. हे पत्र मी तुमच्या हत्यारांच्या पेटीत टाकून झाकण लावणार आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. त्या वर्षी नदीवरून आल्यावर पाहुणे जमले होते आणि तुम्ही पुन्हा कडेवर टकटक करून म्हणालात, "देखा, इंचभर जाड शे!" मी चहा देत होते. तुम्ही असं म्हणणार हे मला ठाऊक होतं. काठ मी त्याच्यासाठीच ठेवला होता.