डोनर मीच

४ जून
दादाचं लिव्हर संपत आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी तुकडा द्यावा लागेल. मी तिथल्या तिथे हात वर केला. इतकी वर्षं शाळेत खेळ शिकवतोय, माझ्याहून फिट या घरात आहे कोण? वहिनी रडली. धाकटी बहीण म्हणाली, माझीही तपासणी करा. हसूच आलं. ही सुई बघितली की आडवी होते.

९ जून
रिपोर्ट आला. एसजीपीटी एकशे बेचाळीस. चाळीसच्या आसपास हवं म्हणे. मार्क जास्त मिळाले तर बिघडलं कुठे? बाई म्हणाल्या, लिव्हरच्या पेशी दुखावल्या की हे एन्झाइम रक्तात उतरतं. मी म्हटलं, दारूला शिवत नाही. वजन? म्हटलं, स्नायू आहेत.

१० जून
सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. मशीन जुनाट दिसत होतं. बाई म्हणाल्या, वजन उतरवा, महिन्याभराने पुन्हा बघू. तोवर दादाला औषधांवर ठेवतील. महिना? मला पंधरवडा पुरे.

११ जून, पहाटे
संकल्प. गोड बंद, तळलेलं बंद. मैदानाला रोज दहा फेऱ्या.

११ जून, दुपार
फेऱ्या झाल्या. मुलांनी मारल्या, मी शिट्टी वाजवली. शिट्टीलाही दम लागतो. नंतर एका मुलीच्या वाढदिवसाचा केक. लहान मुलांचं मन कोण मोडणार?

२० जून
जिमवाल्याने हिरवी पावडर दिली. लिव्हर धुऊन काढते म्हणाला. बायको म्हणाली, डॉक्टरांना विचारून घ्या. झाडपाल्याला कसली परवानगी? दुप्पट घेतोय.

८ जुलै
एसजीपीटी तीनशे दहा. नमुने बदलले असणार. बाईंनी विचारलं, वेगळं काही घेता का? मी नाही म्हणेपर्यंत बायकोने पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. फितूर! बाई म्हणाल्या, पावडर आजपासून बंद. आणि डोनर म्हणून माझा विचारही बंद, दादाला आता थांबणं परवडणार नाही.
दादाचे डोळे पिवळेजर्द झालेत. राहू दे रे, म्हणाला. मी म्हटलं, तू गप्प पड, लिव्हर माझं आहे.

१५ जुलै
धाकटी पास. सगळे रिपोर्ट नॉर्मल. प्रत्येक सुईला आडवी झाली म्हणे, आणि शुद्धीवर आली की पुन्हा हात पुढे. मी सगळ्यांना सांगितलं, माझी एकदा फेरतपासणी होऊ द्या. कुणी मान वर करून बघितलं नाही.

२९ जुलै
सकाळपासून दोघं ऑपरेशन थिएटरमध्ये. आत जाताना धाकटीने चष्मा माझ्या हातात दिला. पाडू नकोस, म्हणाली. मी काय पाडणार?
संध्याकाळी नर्सने बाहेर येऊन विचारलं, डोनरचं कोण आहे? मी ताडकन उठलो. तोंडाशी आलं होतं, डोनर मीच. मग म्हटलं, भाऊ.
दोघंही बरी आहेत म्हणाली.
मी खाली बसून धाकटीचा चष्मा पुसत राहिलो. बायको म्हणाली, रडून झालं असेल तर चला, काचेतून बघू देतायत.
मी रडत नव्हतो. तोंड धुऊन गेलो.