तुझ्या विहिणीसाठी हॉटेल

प्रिय बुटके,

तू पाठवलेले तिन्ही हॉटेलांचे फोटो पाहिले. तळ्याकाठचं, डोंगरावरचं आणि समुद्राजवळचं. “तुझी नजर चोखंदळ, तूच सांग विहीणबाईंना कुठे नेऊ,” असं तू फोनवर म्हणालीस आणि मी “बघते हं” म्हणून फोन ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ आपटलाच. मुलीचं लग्न लावून तू जावई आणलास हे ठीक. पण त्याच्याबरोबर ही बाई पदरात पडेल असं कुठे ठरलं होतं?

हल्ली तुझ्या प्रत्येक वाक्यात त्या असतात. विहीणबाई स्वतः गाडी चालवतात. विहीणबाईंनी केस कापून घेतले, म्हणून तूही कापलेस. आणि परवा तर कळस झाला, त्यांनी तुला पोहायला शिकवलं म्हणे! अगं, कॉलेजच्या सहलीत नदीत पाय बुडव म्हटलं तर माझ्या दंडाला नखं रुतवून किंचाळणारी तू. मी इतक्या वर्षांत तुला पाण्यात उतरवू शकले नाही आणि त्या बाईने उन्हाळ्याच्या एका सुट्टीत उतरवलं. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. ओवा खाऊन थांबणारं दुखणं नव्हे ते.

म्हणून आधी ठरवलं, डोंगरावरचंच सुचवायचं. फोटोत झकास दिसतं, पण फोन करून विचारलं तर खोल्यांपर्यंत गाडी जात नाही, नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. चढा म्हटलं दोघी धापा टाकत! पण तुझे गुडघे डोळ्यांसमोर आले आणि बेत सोडून दिला. तुझे गुडघे माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनी माझं काय वाकडं केलंय?

मग तळ्याकाठचं स्वतःच जाऊन पाहिलं. सकाळच्या बसने गेले. सांगून निघावं असं घरात कुणी नव्हतंच. दारवानाने असा दरवाजा उघडला की मला मागे वळून पाहावंसं वाटलं, कोणी मोठं माणूस येतंय का म्हणून. आत गार, शांत, ताज्या फुलांचा वास. काउंटरवरची मुलगी मला खोली दाखवायला वर घेऊन गेली. काय खोली गं! पडदा सारला की समोर नुसतं पाणी. शुभ्र चादरींचे दोन पलंग, मधे एक दिवा, खिडकीशी दोन खुर्च्या. तिने विचारलं, “मॅडम, बरोबर कोण येणार?” मी म्हणाले, “मैत्रीण.” आणि मग बोलत जी सुटले! ही मैत्रीण झोपेत बडबडते, तिला खिडकीकडचाच पलंग लागतो, तिचा चहा निवल्याशिवाय ती पीत नाही, सगळं सांगितलं. ती बिचारी हसत ऐकत होती. मग म्हणाली, “कधी येताय दोघी?” तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तुझ्या विहिणीची खोली बघायला आले होते. मी पलंगाच्या कडेला बसले आणि वेड्यासारखी रडायलाच लागले. त्या पोरीने पाणी आणून दिलं, शेजारी बसून राहिली. तिचे उपकारच.

तर सल्ला लिहून ठेव: विहीणबाईंना समुद्राजवळच्या हॉटेलात ने. लिफ्ट आहे, पोहण्याचा तलाव मोठा आहे, तुम्हा दोघींना आवडेल. मनापासून सांगते. पण तळ्याकाठी त्यांच्याबरोबर जाऊ नकोस. हे अंथरुणाला खिळले होते तेव्हा तू दर वर्षी मला विचारायचीस, “येतेस का कुठे चार दिवस?” आणि मी दर वर्षी म्हणायचे, “यांना सोडून कशी येऊ?” मग तू विचारणं बंद केलंस. बरोबरच होतं तुझं, नकार तरी किती ऐकायचे माणसाने. पण हे जाऊन आता वर्ष उलटलं गं. लोक डबे आणून देतात, तब्येतीची चौकशी करतात, काळजी घ्या म्हणतात. कुठे येतेस का, असं मात्र कुणी विचारत नाही. तू विचारलंस, तेही कुठलं हॉटेल चांगलं एवढंच. फोनवर हे बोलता आलं नसतं, रडू फुटलं असतं, म्हणून लिहिलं. मला पुन्हा एकदा विचार ना. या वेळी मी हो म्हणणार आहे.

तुझीच,
लंबू