उन्हाचं राहू द्या

प्रिय मिहोको,

साप्पोरोत बर्फ गुडघ्यापर्यंत आलंय म्हणे. तुझी कंबर कशी आहे? बर्फ उपसायचं फावडं हातात घेऊ नकोस. तोमोहारूंचं पित्त शमलं का? तुझ्या लेकराचा, इओरीचा खोकला? माझं बरं चाललंय. बाबांचे गुडघे मात्र पार आखडलेत. सकाळी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आलं की उशी घेऊन त्यात बसतात, आणि ऊन सरकेल तसे सरकत दुपारी कपाटापाशी पोचतात. गोळ्यांनी होत नाही ते या उन्हाने होतं.

तेच ऊन आता जायचं आहे. समोरचं सार्वजनिक न्हाणीघर पाडून तिथे टॉवर उठतोय. गेल्या जूनमध्ये बिल्डरचा शिबाता नावाचा माणूस आला होता. बोलणं असं मधाळ की मुंग्या लागाव्यात. दारोदार एकेक टॉवेल वाटत फिरला. आपल्या इमारतीतल्या शहाण्यांनी दोन्ही हातांनी घेतला, वाकून आभार मानले, आणि आता टॉवेल घेतल्यावर तक्रार कुठल्या तोंडाने करायची म्हणून गप्प बसले. एका टॉवेलापायी सगळा हिवाळा देऊन टाकला, भेकड कुठले. मला रंगीत नकाशा दाखवून शिबाता म्हणतो, "आजी, बघा, तुमच्या घरावर सावली पडतच नाही." मी म्हटलं, "बाळा, जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो. आत्ता तुझी स्वतःची सावली धड पडत नाहीये, टॉवरची काय पडणार? डिसेंबरचा नकाशा काढ." "तोही आणतो हं, आजी." अजून आणतोच आहे. कागदाला पिवळा रंग फासला की ऊन पडलं, एवढी यांची अक्कल.

मग तो बाबांकडे वळला. "आजोबा, वर तीन मजले वाढवलेत. आपलं काय म्हणणं?" बाबा म्हणाले, "राहू द्या." झालं. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि आजोबांची संमती आहे असं लिहून मोकळा झाला. म्हणे, मजले राहू द्या.

चहा विचारा, छत्री विचारा, डॉक्टर विचारा, हा माणूस जन्मभर "राहू द्या" म्हणत आला आणि दर वेळी त्याचा अर्थ नको असाच होता. तोमोहारू तुझा हात मागायला आले तेव्हाही बाबा एवढंच बोलले. ते बिचारे बूट घालून निघाले आणि त्यांच्यामागे तूही. तेव्हापासून नववर्षाला तुझं कार्ड येतं, तू येत नाहीस.

खालचे मजले बांधून झालेत. वरचे तीन चढले की हिवाळाभर आपल्या खोलीत अंधार. पुढच्या महिन्यात वॉर्ड ऑफिसात सुनावणी आहे. तिथे शिबाता गोड हसून बाबांची संमती सांगेल. मी बायको, माझं कोण ऐकणार? आणि बाबांना विचारलं, तर ते तिथेही "राहू द्या" म्हणतील. म्हणून तू ये. त्यांच्या त्या दोन शब्दांचा अर्थ तुझ्याइतका कोणी सोसलेला नाही. तो तूच सांग.

काल त्यांना म्हटलं, "मिहोकोला बोलावते, महिनाभर इथे राहील." पेपरातून तोंड न काढता म्हणाले, "राहू दे." या खेपेला मी शिबातासारखाच अर्थ लावला. तुझी गादी आजच उन्हात टाकली आहे. केव्हा येतेस ते लवकर लिही.

तुझीच,
आई