सासूबाई गणिताला बसतात

४ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आ.

नव्या घरात दोघं रुळलात ना? इथे सगळं ठीक. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, दहावी झालीस तर नर्सिंगच्या प्रशिक्षणाला तुझं नाव धाडते. आयाचं काम करत जन्म गेला, आता मला इंजेक्शन द्यायचंय! मार्चच्या परीक्षेला नाव घातलंय. तुझे सासरे म्हणतात, या वयात डोक्याला ताप कशाला. म्हणून तुलाच विचारते, शाळेत गणित शिकवतेस तू. पन्नास गोळ्या आठ रोग्यांना वाटल्या. सहा-सहा आल्या, बाकी दोन. पुस्तकात उत्तर सव्वासहा. हा पाव आला कुठून?

तुझी माया अशीच राहो.
आई

१३ जानेवारी

ती. सौ. आईंना सा. न.

पत्र वाचून वर्गातच हसू फुटलं, आनंदाने. त्या उरलेल्या दोन गोळ्यांचे चार-चार तुकडे करा. आठ तुकडे, आठ रोगी. बाकीखाली भाजक लिहायचा: दोन अष्टमांश, म्हणजेच पाव. गोळी खरोखर तोडू नका, सिस्टर रागावतील.

तुमची सून

२ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

बाकी जमली, पण समीकरणाने रडवलं. क्ष-चा तिसरा भाग अधिक क्ष-चा चौथा भाग बरोबर चौदा. मी छेदांचीही बेरीज केली, क्ष आला एकोणपन्नास. त्याला तिनाने भागच जाईना! ह्यांनी पुस्तक मिटलं, म्हणाले पुरे आता. मी पुन्हा उघडलं. लवकर लिही.

आई

९ फेब्रुवारी

ती. सौ. आईंना सा. न.

पुस्तक उघडलंत, तिथेच जिंकलात. छेदांची बेरीज करायची नाही. तीन आणि चार, दोघांनीही भाग जाईल असा आकडा घ्या: बारा. प्रत्येक पदाला बाराने गुणा, पलीकडच्या चौदालाही, नाहीतर तराजू कलेल. छेद आपोआप जातील. उत्तर मी सांगणार नाही, तुम्हीच कळवा.

तुमची हट्टी सून

१७ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

चोवीस! तिसरा भाग आठ, चौथा सहा, झाले चौदा. तीनदा ताळा करून पाहिला. ह्यांनाही दाखवला. संध्याकाळचा स्वयंपाक त्यांनीच केला. भाजी खारट होती, मी मुकाट्याने खाल्ली.

आई

११ जून

ती. सौ. आईंना शि. सा. न.

तुमची तार मिळाली. पास, आणि गणितात एकाहत्तर! तुमच्या चिरंजीवांना दहावीला एकसष्ट होते, हे मी लगेच त्यांच्या कानावर घातलं. ते चपला न घालताच शेजारच्यांना सांगत सुटले. आई, इतकी वर्षं मुलांना शिकवतेय, पण निकालाची तार तीनदा वाचून मीही ताळा केला, असं आजवर झालं नव्हतं. पहिलं इंजेक्शन मलाच द्या. दुखलं तरी ओरडणार नाही.

तुमचा लोभ आहे, तो पुरून उरतो.
तुमची सून