मुद्रितशोधक

सोमवार, ४

शाळेच्या कचेरीतलं प्रश्नपत्रिका छापायचं सायक्लोस्टाइल यंत्र खर्रर्र-टप्, खर्रर्र-टप् असं चालायचं. परीक्षेच्या आधी तो आवाज कानी आला की पोरं घाईने पुस्तकं उघडायची. माझ्या ओठांवर मात्र कविता यायच्या, कारण त्या आवाजाला ताल होता. आज या नव्या बिऱ्हाडात तो ताल आठवला. आधीच्या भाडेकरूने खोलीत एक प्रिंटर मागे ठेवला आहे. घरमालक दातांचे डॉक्टर. म्हणाले, चालला तर तुमचा, दुखायला लागला तर उपटून टाकू. पहिल्याच दिवशी हसलो, शुभशकुन म्हणायचा.

मला बायकोच्या कविता छापायच्या आहेत. एकेचाळीस आहेत. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली होती, छापा, पण लाल शाई लावायची नाही, मास्तर. एक शब्दही हलवायचा नाही. मी वचन दिलं. तिला जाऊन वर्ष होत आलं.

मंगळवार, ५

पुतणीने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तार जोडली, प्रिंटर दिसला, चाचणीचं पान काढलं तर कागदभर नुसते चौकोन. पुतणीला फोन केला. काका, ड्रायव्हर नाहीये, प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, म्हणाली. मला कुठे गाडी काढायचीय, म्हटलं. हा विनोद गेल्या वर्षीही केला होतात, म्हणाली. मग तिने सांगितल्या तशा आज्ञा एकेक अक्षर लावत टर्मिनलच्या काळ्या खिडकीत लिहिल्या. उत्तर आलं, परवानगी नाही. जन्मभर पोरांना जे ऐकवलं ते म्हातारपणी यंत्राकडून ऐकलं. आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लिहा, म्हणजे मालकाने सांगितल्यासारखं होतं, म्हणाली. लिहिलं. आता म्हणे छपाईचा फिल्टर नापास. चौतीस वर्षं ढकलून ढकलून वर्ग पास केले आहेत मी. एका फिल्टरपुढे हात टेकणार नाही.

बुधवार, ६

आमच्या प्रिंटरचं मॉडेल ड्रायव्हरच्या यादीत नव्हतं. पुतणीने बजावलं होतं की जवळपासचं निवडा, भलत्या नावाला हात लावू नका. शेकडो इंग्रजी नावं आणि अगदी तळाशी एकच मराठी: मुद्रितशोधक, छापील पानातल्या चुका शोधणारा. परक्या गर्दीत आपल्या बोलीत कुणी हाक मारावी तसं झालं. राहवलं नाही, निवडलं.

लॅपटॉपवर उतरवून ठेवलेली तिची पहिली कविता छापायला दिली. काय पान आलं! ऱ्हस्व वेलांटी जागच्या जागी, एकही जोडाक्षर फुटलेलं नाही. फक्त ‘तिसऱ्या पायरीवर ऊन बसतं, माझ्यासाठी जागा ठेवून’ या ओळीत ‘तिसऱ्या’वर लाल रेघ छापलेली, आणि समासात खोडल्याची खूण. प्रिंटरमध्ये शाई एकच आहे. काळी.

गुरुवार, ७

दूध आणायला उतरलो आणि पाय हवेत गेला. जिन्याची तिसरी पायरी नाही. मोडलेली नव्हे, नाहीच. दुसरीनंतर एकदम चौथी, मध्ये पोकळी. गुडघा सोलवटला. डॉक्टर कापूस लावत म्हणाले, घर बांधल्यापासून असंच आहे, जपून उतरत चला.

वर येऊन लॅपटॉपवर कवितेची फाइल उघडली. ‘तिसऱ्या’ तिथूनही गेलेला.

भीती वाटायला हवी होती. मला राग आला. तिच्या शब्दावर रेघ मारणारा तू कोण? शाळेच्या वार्षिक अंकाची मुद्रितं मीच तपासायचो. खोडलेला शब्द ठेवायचा असला की त्याखाली तीन ठिपके देतात आणि समासात ‘राहू द्या’ लिहितात. त्या पानावर तसं केलं. खाली जाऊन पाहिलं. पायरी जागेवर होती, कोवळं ऊन तिच्यावर बसलेलं.

शुक्रवार, ८

ड्रायव्हर काढून टाकला. यादीत पुन्हा हजर. छपाईच्या रांगेत एक काम उभं, मी न पाठवलेलं. पाठवणाऱ्याच्या रकान्यात — मुद्रितशोधक. रद्द केलं. परत आलं. प्लग उपटला. कागद येतच राहिले.

पुतणी म्हणाली, काका, विजेशिवाय कुठलाच प्रिंटर छापत नाही, गोळ्या वेळेवर घेताय ना?

त्याने ‘चिमण्या’ खोडल्या. बाहेर सगळं मुकं झालं. ‘दिवा’ खोडला. भर दुपारी खोलीतला बल्ब होल्डरसकट गेला, छत गुळगुळीत. ठिपके, राहू द्या. ठिपके, राहू द्या. एकोणीस शब्द परत आणले. बोटं वळत नाहीत.

एकही देणार नाही. ऐकतोयस ना — एकही.

शनिवार, ९

एकेचाळीसही झाल्या. शब्दाला शब्द, तिच्या होत्या तशा. हरलास.

दुपारी आणखी एक पान. अर्पणपत्रिका. ही माझी, तिची नव्हे. ‘माझ्या दिवंगत पत्नीस.’

रेघ ‘दिवंगत’वर.

पेन उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

वचन तिच्या शब्दांचं होतं. हा माझा आहे. माझ्या शब्दाचं काय करायचं ते मी ठरवीन, जगाने काय म्हणायचं ते म्हणावं. ठिपके दिले नाहीत. समासात लिहिलं — मान्य.

शनिवार, चार वाजता

जिन्यावर पावलं. डॉक्टरांची नव्हेत —

दार उघडलं. ती. तोच निळा स्वेटर, कोपरावर मीच केलेलं वेडंवाकडं रफू. दम लागलेला, जिना चढून —

भाऊ, हे कुणाचं घर, असं विचारलं तिने.

भाऊ. मला.

मागे प्रिंटर खरखरतोय. नवं पान. ‘माझ्या पत्नीस.’ रेघ — ‘माझ्या’वर.

चुकून आले वाटतं, म्हणते. वळतेय —

नाही. बाकी काय हवं ते खोड. हा शब्द नाही. पान इथेच वहीवर धरलंय, पेन टेकवतोय —

राहू द्या. राहू द्या. ठिपके —

एक. दोन. ती