तुमच्या मरणाची तालीम

अण्णा, आज सकाळी तुम्ही पुन्हा मेलात. ‘गेलात’ म्हणायची आपली रीत मला ठाऊक आहे, पण इथल्या मुलांना वर्गात सांगितलेलं असतं की आडवळणाने बोलायचं नाही, ‘डाइड’ असं स्वच्छ म्हणायचं. ती म्हणतात आणि मी ऐकते. डब्लिनच्या एका मेडिकल कॉलेजात मी खोटी पेशंट म्हणून काम करते. कधी माझ्या पोटात दुखतं, कधी छातीत, पण सगळ्यात जास्त मागणी एका मुलीच्या भूमिकेला आहे. तिचे वडील घरात कोसळले, ॲम्ब्युलन्सने आणले, वाचले नाहीत, आणि शिकाऊ डॉक्टरने तिला ते सांगायचं. एकामागून एक मुलं आत येतात, खुर्ची जवळ ओढतात, आवाज खाली आणतात आणि तुम्हाला मारतात. इतकी आवडलेली नोकरी मी आजवर केली नव्हती.

पहिल्या दिवशी बातमी ऐकून मी विचारलं होतं, “आर यू शुअर?” शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या. धक्क्यामुळे विश्वास न बसणं मी फार छान दाखवलं म्हणे, अगदी ग्रँड. तुम्ही खरोखर गेलात तेव्हा साताऱ्याहून दादाचा फोन आला होता. त्यालाही मी हेच विचारलं होतं, “नक्की ना?” मला फक्त खात्री करून घ्यायची होती.

अख्ख्या तालुक्यात तुम्ही देवमाणूस. म्हातारीच्या उशाशी बसून, तिचा हात हातात घेऊन तुम्ही वाईट बातमी इतक्या मायेने सांगायचात की तिच्या सुना तुमच्या पाया पडायच्या. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत, मधे एकच दार. त्या दाराच्या अलीकडे आमच्या वाट्याला दुसराच माणूस यायचा. एकदा आई तापाने पडली होती म्हणून मी आमटी केली आणि मीठ दोनदा पडलं. तुम्ही एक घास घेतलात आणि पातेलं उचलून माझ्यापुढे ठेवलंत. “संपव.” मग पेपर उघडून बसलात. मला ओकारी झाली. तुम्ही पेपरातून डोकं न काढता म्हणालात, “आता ते पूस, आणि उरलेलं खा.” तेवढ्यात कंपाउंडर हाक मारतो, तुम्ही उठता, आणि दार ओलांडता ओलांडता तुमचा आवाज बदलतो, “या आजी, काय होतंय?” मी पातेल्यासमोर बसून तो आवाज ऐकते आहे. म्हणून ही मुलं मऊ बोलतात तेव्हा सगळ्यांना त्यांचं कौतुक वाटतं, आणि मला वाटतं, यांच्या घरी कोण यांची वाट बघत असेल? मऊ बोलणं शिकवता येतं, अण्णा. मीच ते शिकवायला मदत करते आहे.

बातमी सांगून झाली की मुलांनी विचारायचं असतं, “तुमचे वडील कसे होते?” स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर नाही, म्हणून मी एक बाप तयार केला. एसटीच्या डेपोत कारकून. खारट आमटी मुकाट्याने जेवून वर तांब्याभर पाणी पिणारा. शाळेच्या गॅदरिंगला माझा नाच चालू असताना झोपणारा, आणि जाग आल्यावर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा. त्याच्यासाठी मला खरंखुरं रडू येतं. तुमच्या शोकसभेत सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी पंख्याकडे बघत होते.

आज शेवटी एक मराठी मुलगी आली, इथल्याच ब्लँचर्डस्टाउन उपनगरात वाढलेली. काम संपल्यावर ती कॉरिडॉरमध्ये माझ्यामागे धावत आली. “काकू, सॉरी, मी विचारायला नको, बट युअर डॅड साउंड्स सो लव्हली. वॉज ही रिअली लाइक दॅट?”

“हो गं,” मी म्हटलं. “अगदी असेच होते.”

तिने मला मिठी मारली. आता ती घरी आईला सांगेल, आई मला कुठल्या तरी दुकानात गाठून तुमचं कौतुक करेल, आणि फुकटची पुण्याई पुन्हा तुमच्याच खात्यात जाईल. याचा मला भयंकर राग येतो आहे, आणि तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले. पाठवायचा प्रश्नच नाही, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तिला खरं सांगता आलं असतं. तिला ते झेपलंही असतं, पोरगी चांगली डॉक्टर होणार आहे. पण खरं सांगितलं असतं तर माझा तो डेपोतला बाप तिथल्या तिथे गेला असता, आणि ते मला सहन झालं नसतं.