फ्रिजचा प्लग

दादा,

फ्रिजमध्ये आजीच्या इन्सुलिनच्या चार कुप्या होत्या. आत चौतीस अंश तापमान आहे, म्हणून चारही फेकल्या. आम्ही आजीला घेऊन दोन दिवस मावशीकडे काय गेलो, तू सरळ फ्रिजचा प्लगच काढलास! वर फोनवर सांगतोस, त्याच्या मोटरमुळे तुझ्या गाणी ऐकायच्या नव्या कन्व्हर्टरमध्ये खरखर येते.

सोबत नेलेली कुपी संपलीय, म्हणून मी औषधाच्या दुकानात पळतेय. आजी म्हणते, "त्याला बोलू नकोस गं, त्याचे कान नाजूक आहेत." कान नाजूक, आणि अक्कल?

प्लगला पुन्हा हात लावू नकोस. निघण्याआधी मी कन्व्हर्टरच्या आउटपुटला मीटर लावून तुझी खरखर मोजली. फ्रिज बंद असताना ०.४ मिलिव्होल्ट. फ्रिज चालू असताना ०.४ मिलिव्होल्ट.